फ्रीज उचला

लेक नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला आजवर नीट कळलेलं नाही. "दवाखान्यात असतेस, पण ना सुई देतेस ना गोळी. मग दिवसभर करतेस तरी काय?" असं ती फोनवर विचारतेच. "गप्पा मारते," असं लेक सांगते, आणि ते अगदी खोटंही नाही. हुद्दा समुपदेशकाचा, पण दवाखान्यात सगळे तिला गप्पावाल्या मॅडमच म्हणतात. खोली नंबर चार, डॉक्टरांच्या खोलीला लागून. दारावर नंबराखेरीज काही लिहिलेलं नाही आणि आतली लाकडी खुर्ची इतकी कडक की बसणारा आपोआप मुद्द्याचं बोलतो.

आधी ती एका मोठ्या इस्पितळात होती. तिथे मनाच्या दुखण्यांचा विभाग पार मागच्या इमारतीत होता. कोणी आपल्याला बघत नाही ना, असं चारदा वळून बघत माणसं तिथवर यायची, तीही पार थकल्यावर. इथे तसं नव्हतं. खोकला, साखर, पाठदुखी घेऊन आलेल्या माणसाशी बोलताना डॉक्टरांना काही खटकलं, की ते तिच्या दारावर टकटक करायचे आणि त्या माणसाला स्वतः घेऊन यायचे. ती टकटक ऐकली की ही उठलीच. इतकी वर्षं झाली तरी तिचा उत्साह ओसरला नव्हता. "यांना सकाळी चहा देऊ नका गं कोणी," सिस्टर म्हणायच्या, "आधीच उकळलेल्या असतात."

अशाच एका टकटकीला डॉक्टरांच्या मागून एक धिप्पाड गृहस्थ आत आला आणि खोली भरून गेली. घरसामान हलवायचं त्याचं काम. फ्रीज एकट्याने पाठीवर घेऊन जिना चढायचा, म्हणून सोबतचे त्याला क्रेन म्हणत. पायाच्या अंगठ्याजवळ पट्टी होती.

"जखम भरत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साखर गोळ्यांना दाद देत नाही. इन्सुलिन घ्यायला हवं, रोज, स्वतःचं स्वतः. आणि हे महाशय सुई पाहिली की आडवे होतात."

क्रेनच्या मागे त्याची बायको उभी होती. अंगाने काटकुळी, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी एक उशी.

"ही कशाला?" मॅडमनी विचारलं.

"ह्यांचं डोकं आपटू नये म्हणून. दवाखान्यात यायचं म्हटलं की घेते बरोबर. लसी मुलांना दिल्या, पडले हे."

क्रेन हसला नाही. सर्जननी त्याला महिन्याभराची मुदत दिली होती. तोवर साखर उतरली नाही तर बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊलही. "पाऊल गेलं तर जिना कसा चढायचा, मॅडम?" तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही."

मॅडम पदर खोचून कामाला लागल्या. भीती घालवायची म्हणजे अंग सैल सोडायचं, श्वास लांब घ्यायचा. आधी सुईचं चित्र, मग झाकण लावलेलं पेनासारखं इंजेक्शन हातात, असं पायरीपायरीने पुढे जायचं. क्रेन मोठा गुणी विद्यार्थी निघाला. दोन आठवड्यांत त्याचे खांदे असे काही सैल पडू लागले, की मॅडमनी डॉक्टरांना "आता बघाच तुम्ही" असं सांगूनही टाकलं.

ठरल्या दिवशी क्रेनने झाकण काढलं, लांब श्वास सोडला, खांदे सैल केले आणि तसाच सैलपणे खुर्चीवरून घसरला. बायकोने उशी बरोबर जागेवर टाकली. तो कुठल्या बाजूला पडणार, हे खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

शुद्धीवर आल्यावर जमिनीवरूनच तो म्हणाला, "पण मी तर एकदम शांत होतो."

मॅडमना फार वाईट वाटलं. सगळ्यांसमोर फजिती झाली ती झालीच, पण मुदतीतले दोन आठवडे आपण फुकट घालवले, हे त्यांना जास्त लागलं. डबा न उघडता त्या बसून राहिल्या. तेवढ्यात सिस्टर आल्या. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी क्रेनच्या दंडाला प्रेशरचा पट्टा बांधून ठेवला होता.

"सुई दिसली तेव्हा प्रेशर जरा चढलं," सिस्टर म्हणाल्या, "आणि मग जे उतरलं ते उतरतच गेलं."

मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. बाकीच्या भीतीत प्रेशर चढलेलंच राहतं, म्हणून अंग सैल सोडून फायदा होतो. रक्त किंवा सुई पाहून चक्कर येणाऱ्यांचं मात्र उलटं. त्यांचं प्रेशर कोसळतं. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही, आवळायचं. हे मॅडम परीक्षेपुरतं शिकल्या होत्या आणि परीक्षेबरोबर विसरल्या होत्या.

"सिस्टर, मी पडणाऱ्या माणसाला आरामात पडायला शिकवलं हो," असं म्हणत त्या हसल्या आणि डोळे पुसत पळाल्याच. दार न वाजवता डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. तिथे एक पेशंट आ करून बसला होता. आपली चूक आणि तिचा उपाय त्यांनी एका दमात सांगितला, तोवर बिचारा आ करूनच राहिला. "आधी त्याचं हृदय तपासतो," डॉक्टर म्हणाले. "मग आवळा हवं तेवढं."

हृदय ठणठणीत निघालं.

"फ्रीज उचलताना काय करता?" मॅडमनी क्रेनला विचारलं.

"मांड्या आवळायच्या, दंड आवळायचे. श्वास मात्र चालू ठेवायचा. श्वास धरला की माणूस कामातून गेला."

"मग बसल्या बसल्या उचला. दुखऱ्या पावलावर जोर देऊ नका."

क्रेनने नसलेला फ्रीज उचलला. चेहऱ्यावर लाली आली आणि सिस्टर प्रेशरच्या काट्याकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई, चढलं की." शिकवायला असं काही उरलंच नव्हतं. गडी हे जन्मभर करत आला होता, फक्त इथे करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभर सराव झाला. मग तो दिवस आला. दारात डॉक्टर, काट्याशी सिस्टर, आणि क्रेनच्या डाव्या बाजूला उशी घेऊन बायको.

"फ्रीज उचला," मॅडम म्हणाल्या.

त्याने मांड्या आवळल्या, झाकण काढलं. सुई दिसली. ओठ पांढरे पडू लागले.

"उतरतंय," सिस्टर पुटपुटल्या.

"अजून उचला. जिना आहे पुढे."

"थांबलं. चढतंय, चढतंय."

क्रेनने पोटाची चिमूट धरली, सुई टोचली, बटण दाबून थोडं थांबला आणि सुई बाहेर काढली.

मग खोलीत जो गलका उठला तो पार बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू गेला. सिस्टरनी मॅडमना मिठी मारली. कधी न हसणारे डॉक्टर टाळ्या पिटत होते. मॅडम तर एकाच वेळी तिघांशी बोलत होत्या. या गडबडीत खुर्चीवरून, आवळलेल्या दातांमधून आवाज आला.

"मॅडम, फ्रीज ठेवू का आता खाली?"

"ठेवा हो, ठेवा," मॅडम म्हणाल्या.

बायको अजून डावीकडे तशीच उभी होती. नवरा पडत नाही, हे तिला उमगायला वेळ लागला. मग ती कोपऱ्यातल्या तशाच कडक खुर्चीवर बसली, उशी मांडीवर घेतली आणि तिच्यात तोंड खुपसून रडू लागली. क्रेन घाबरून उठू लागला, तशी तिने हातानेच त्याला थांबवलं.

"रडू द्या मला," ती म्हणाली. "आजवर तुम्हाला धरण्यातच वेळ गेला."

साखर उतरू लागली. सर्जननी मुदत वाढवली आणि पुढे जखम भरली. पाऊल राहिलं, पाचही बोटं राहिली. उशी त्या दिवसापासून खोली नंबर चारमधल्या खुर्चीवर आहे. ती परत न्यायला कोणी आलेलं नाही.