नाना आणि रुमालाआडचे चेहरे

माणसाच्या पोटात काय चाललंय हे त्याच्याआधी ज्याला कळतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या खात्यातले नाना. खातं म्हणजे सुरतेतला मागांचा कारखाना. तिथे खडखडाट असा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. सगळे हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्यांनी बोलत. धुळ्याकडच्या नानांची वीस वर्षं त्यातच गेल्यामुळे लोक पेपर वाचतात तसे ते चेहरे वाचत.

सूत तुटलं म्हणून कुणी मागाला लाथ मारली, की नाना त्याच्यासमोर जाऊन त्याला निरखून बघत आणि चहाच्या सुट्टीत निदान सांगत. "तुला राग नाही आला, भाऊ. तुला घरची आठवण येते आहे." मग उपाय. आठवणीवर गावाकडची कळण्याची भाकरी आणि ठेचा. रागावर भिंतीकडे तोंड करून तांब्याभर पाणी, तेही घोट घोट. हेवा वाटला तर ज्याचा वाटतो त्याच्या शर्टाचं त्याच्या तोंडावर कौतुक करायचं. मी एकदा नाइलाजाने केलं, तर त्या भल्या माणसाने दिवाळीत तो शर्टच मला देऊन टाकला. नाना चुकतही. शेठ खिन्न दिसले म्हणून एकदा त्यांचा हात हातात घेऊन, मन मोकळं करा, म्हणाले. शेठची दाढ दुखत होती.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि ज्याने त्याने तोंडाला रुमाल बांधला. नाना पार गोंधळून गेले. नुसत्या डोळ्यांवरून त्यांना कशाचाच थांग लागेना. लोक गावाकडे पळू लागले, तेव्हा ते सगळ्यांना भित्रे म्हणाले. बायको-मुलीला गावी पाठवायचं आणि आपण घर सांभाळायला राहायचं, असं त्यांनी ठरवलं. ट्रंक उचलायला मी उधना स्टेशनवर गेलो होतो. भर दुपारी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नाना काकूंवर सारखे खेकसत होते. गाठोडं नीट बांधलं नाही, पाणी कमी घेतलं. काकू गाठोडं पुन्हा बांधत होत्या. शेवटी मुलीनेच विचारलं, बाबा, तुम्ही इतके का चिडलात?

नाना थांबले. त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"चिडलो नाही गं," ते म्हणाले. "मला भीती वाटते. तुम्हांला काही झालं तर. आणि मी इथे एकटाच गेलो तर."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "माले बी वाटस," त्या हळूच म्हणाल्या. "मंग चढा ना गाडीत."

नाना अंगावरच्या कपड्यांनिशी चढले आणि खिडकीतून घराची किल्ली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मीही किल्लीसकट माझं गाव, अमळनेर, गाठलं.

महिनाभराने खातं पुन्हा भरलं. पळून गेल्याचं कुणीच बोलेना. एकाच्या बहिणीचं लग्न निघालं होतं, दुसऱ्याची पेरणी राहिली होती. माग सुरू झाले, तसे नाना मधल्या वाटेत येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतःकडे बोट केलं, पोटावर हात ठेवला, गुडघे लटलटा कापवून दाखवले आणि जागच्या जागी धावू लागले. त्या आवाजात कुणाचं हसू ऐकू आलं नाही, पण सगळे हसले. मग आमचा आडदांड मुकादम पुढे आला. त्याने छातीवर हात ठेवला आणि गुडघे कापवले. त्याच्यामागून मी, आणि मग एकेक करत सगळेच.

तीन-चार वर्षांत नानांचे कान पूर्ण गेले आणि ते कायमचे गावी राहायला गेले. त्यांच्या मागांवर नवा माणूस आला. कामाला चांगला होता. कापडावरची नजर हलू देत नसे. माझं काही बिनसलं, की मी उगीचच थोडा वेळ त्याच्याकडे तोंड करून उभा राहत असे.