विमान बघायला उभे होतो

लोकांना वाटतं, विमानं बघणं हा पैसेवाल्यांचा शौक आहे. मी आजवर विमानात बसलेलो नाही. माझा दोस्तही बसलेला नाही. तरी नांदेडच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर उभं राहून आम्ही दोघांनी जेवढी विमानं पाहिलीत, तेवढी विमानातून फिरणाऱ्यांनी पाहिली नसतील. ते आत बसून ढग बघतात. विमान दिसतं ते आम्हाला.

मी मूळचा चाकूरचा. तिकडं विमान म्हणजे आभाळातली पांढरी रेघ, बाकी काही नाही. नांदेडला शिकायला आलो, शिक्षण झालं, राहिलो. आता पत्रकं लिहितो. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी, वस्तीतल्या रस्त्यासाठी. लिहितो, छापून आणतो आणि बसस्टँडवर वाटतो. दोस्त लग्नाचे फोटो काढतो. आमची ओळख एका मोर्च्यात झाली. वक्ता तावातावानं बोलत होता आणि फोटो काढायला बोलावलेला हा माणूस स्टेजकडं पाठ करून, कॅमेरा वर धरून उभा. मी जाऊन झापलं. तो डोळा न काढता म्हणाला, "भाषण तो रोज होताय भाई. ये जेट रोज नै आता." वक्ता मीच लिहून दिलेलं वाचत होता. पण मीही वर बघितलं, आणि तिथंच फसलो.

विमान उतरताना वाऱ्याच्या तोंडाला उतरतं. त्यामुळं वारा कुठून आहे हे कळलं की विमान धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून येणार हे कळतं. मग त्या टोकाला जाऊन उभं राहायचं. वस्तीतल्या विहारावरचा पंचशील ध्वज कुठं फडफडतो, वीटभट्टीचा धूर कुठं वाकतो, एवढं बघून आम्ही मोटारसायकल वळवतो. बहुतेक वेळा बरोबर निघतं. भिंतीच्या अलीकडं सार्वजनिक रस्ता आहे. म्हशी जातात, उसाच्या ट्रॉल्या जातात, संध्याकाळी लोक लेकरांना गाडीच्या टाकीवर बसवून विमान दाखवायला आणतात. त्यांना कुणी कधी काही विचारलं नाही.

आम्हाला विचारलं. कारण दोस्ताकडं लांब भिंगाचा कॅमेरा होता.

मोटारसायकलवर आलेला शिपाई वयानं आमच्याएवढाच होता. गाडी बंद न करता पाय टेकून म्हणाला, "काय करून राहिले रे इथं?"

आता आमच्या जमातीची एक खोड आहे. विमानाबद्दल कुणी काही विचारलं की तोंड थांबत नाही. समोरचा खाकीत आहे की लुंगीत, हे दिसत नाही. मी सांगायला लागलो. येणारं विमान दोन पंख्यांचं आहे, निघताना उशीर झालाय, आज वारा पूर्वेचा म्हणून ते पश्चिमेकडून येईल, त्या बाभळीवरून वळेल, तिथं ते सगळ्यात खाली असतं. मोबाईलवर नकाशा उघडून विमानाचं पिवळं चिन्हही दाखवलं. दोस्तानं त्यात भर घातली की शेपटीजवळची अक्षरं बघितली की हे विमान आधी आलं होतं का तेही कळतं. आम्हाला वाटलं, माणूस खूश होईल. लोक खूश होतात.

शिपायानं गाडी बंद केली.

"कुठून येणार, कधी येणार, कुठं खाली येणार. सगळं पाठ आहे की तुमचं." मग नावं विचारली. माझं नाव सांगितलं, तर गाव विचारलं. दोस्तानं नाव सांगितलं, तर घरात कोण कोण, बाप काय करतो, बाहेरदेशी कोण आहे, कॅमेरा कुणी दिला. त्याच जागी, त्याच विमानासाठी, खांद्याला खांदा लावून उभे होतो आम्ही. प्रश्नांमधला हा फरक मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

आम्हाला ठाण्यात नेलं. कॅमेरा साहेबांच्या टेबलावर गेला. दुसऱ्या दिवशी दोस्ताला लग्नाची ऑर्डर होती. त्याची रोजीरोटी त्या टेबलावर पडलेली होती, एवढं सगळ्यांना कळत होतं, साहेबांनाही.

साहेब काही वाईट बोलले नाहीत. चहा सांगितला. म्हणाले, "पोरांनो, वेळ वाईट आहे. माफीनामा लिहून द्या आणि घरी जा." शिपायानं मजकूर लिहूनच आणला होता. आम्ही विमानतळाजवळ संशयास्पदरीत्या फिरताना आढळलो, चूक झाली, पुन्हा करणार नाही.

मी पेटलो. सार्वजनिक रस्ता, कायदा, अधिकार, माझ्या पत्रकात असतं ते सगळं बोललो. हेही बोललो की परवा निवडणुकीच्या सभेला शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा अख्खं गाव मोबाईल वर धरून उभं होतं आणि गर्दीपुढची दोरी तुमच्याच माणसांनी धरली होती. तेव्हा संशय कुठं गेला होता? साहेब म्हणाले, "भाषण झालं का?"

मला वाटलं दोस्त सही करणार. त्याला करायचा हक्कही होता. कॅमेरा माझा नव्हता. त्यानं कागद हातात घेतला, हळूहळू वाचला आणि साहेबांसमोर ठेवला.

"रस्त्यावर उभा होतो लिवा, सही करतो. फोटो काढला लिवा, तरी करतो. ये संशयास्पद काटो साहेब."

"अरे, ते लिहायची पद्धत असते."

"इसके नाम के सामने लिखे तो पद्धत," माझ्याकडं बोट करून तो म्हणाला. "मेरे नाम के सामने लिखे तो जिंदगीभर का ठप्पा."

"मग कॅमेरा राहू दे."

"राहू द्या."

मी जन्मात इतकं छोटं भाषण ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर विचारलं, उद्याचं लग्न? म्हणाला, मामूचा जुना कॅमेरा मांगतो. लग्नवाल्यांनी त्या कॅमेऱ्याकडं बघून नाकं मुरडली, दोन शब्द ऐकवले, ते त्यानं ऐकून घेतले.

पुढचं काम माझं होतं. चळवळीनं मला एक गोष्ट शिकवली आहे: ओरडण्यापेक्षा जाऊन बसावं. आम्ही रोज ठाण्यात जाऊन बाकावर बसायला लागलो. साहेब दिसले की उठून एकच विचारायचं, "साहेब, कॅमेरा जप्त केला असेल तर पंचनाम्याची प्रत द्या. केला नसेल तर कॅमेरा द्या." पंचनामा झालाच नव्हता. कशाचा करणार? आभाळाकडं बघितल्याचा? साहेब पहिल्यांदा हसले, मग चिडले, मग आम्हाला बघून मागच्या दारानं जायला लागले. शिपाई कुजबुजला, "घरी काम न्हाई का रे तुम्हाला?" दोस्त म्हणाला, "काम तुम्हारे टेबल पे है ना."

शेवटी एका दुपारी साहेबांनी कॅमेरा समोर सरकवला. सही नाही, कागद नाही. "घेऊन जा. आणि पुन्हा तिकडं दिसलात तर बघतो."

"दिसणार साहेब," दोस्त म्हणाला. सरळ आवाजात, जसा गिऱ्हाइकाला फोटो कधी मिळतील ते सांगतो तसा.

बाहेर पायरीवर त्यानं कॅमेरा चालू केला. आतलं कार्ड कोरं होतं. विमानं पुसली होती, आणि विमानांबरोबर एका बारशाचे फोटोही, जे अजून द्यायचे होते. मी परत आत जायला निघालो. त्यानं दंड धरला. म्हणाला, बारशावाल्यांना मी सांगतो काय झालं ते, खरं खरं. लपवायचं कायकू?

त्यानं सांगितलं. त्यांनी मुलाला पुन्हा झबलं-टोपडं घातलं आणि फोटो पुन्हा काढून घेतले.

विमानाच्या पुढच्या फेरीला आम्ही भिंतीबाहेर होतो. बाभळीआड नाही, गाडीआड नाही. रस्त्याच्या कडेला, उन्हात, कुणालाही लांबून दिसेल असे. मोटारसायकल आली, हळू झाली. दोस्तानं मान वळवली नाही. विमान खाली येत होतं आणि त्याचं बोट बटणावर होतं.