हॅट बॉक्समधला कुंकवाचा हात

झाकणाच्या आतला एक लाल डाग निम्मा निघाला होता. मी खुशीत होतो. तेवढ्यात मालतीबाई आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अहो भैया, हे काय करून राहिले तुम्ही!"

माझं काम कॉन्झर्वेशनचं. म्हणजे जुनी वस्तू नवी करायची नाही, आहे तशी टिकवायची. मालतीबाईंनी आणला होता लेडीज हॅट बॉक्स, बायकांच्या टोप्या ठेवायचा चामड्याचा गोल डबा. इथल्या, जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधली एक मेमसाहेब विलायतेला परतताना तो त्यांच्या आजेसासऱ्यांना देऊन गेली होती. आता मुलगा-सून मेलबर्नला निघाले होते, डबाही त्यांच्यासोबत जाणार होता. मी चामडं दुरुस्त केलं. झाकणाच्या आतल्या कापडावरचे पसरट डाग ओलीने उतरलेल्या रंगाचे समजून ओल्या कापसाने टिपायला घेतले. कुणाला विचारलं नाही. अनुभव दांडगा होता ना!

"डाग नाही हो तो. माझ्या सासूबाईंचा हात आहे," मालतीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "शेजारचा माझा, पलीकडचा सुनेचा. या डब्यात आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे राहतात. नवी सून आली का याच झाकणात कुंकवाचा हात उमटवते."

"भिंतीवर काहून नाही?"

"भिंती कुठं आपल्या होत्या? अमरावतीहून इथं, मग सिहोरा, मग बरगी, परत जबलपूर. सगळी भाड्याची घरं. घर सोडलं का भिंत मागंच. डबा तेवढा सोबत."

मी भिंग लावून पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं माझ्या हातून पुसली गेली होती. अनामिका आणि करंगळी उरली होती. मालतीबाई म्हणाल्या, सासूबाईंचा एक फोटोही घरात नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

"कामाआधीचा फोटो मी काढलाय," मी म्हणालो. "त्यावरून रंग भरता येईल. पण खरं सांगतो, मग तो हात माझा होईल."

मालतीबाईंनी झाकण जवळ ओढलं.

"मग राहू द्या. दोन बोटं आहेत, तेवढी नीट जपा."

उरलेल्या कुंकवावर मी बारीक रेशमी जाळी शिवून दिली. रिपोर्टमध्ये चूक स्वतःच्या नावावर लिहिली. डबा मेलबर्नला गेला.

आता काम घेताना भरायच्या माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, काय पुसायचं नाही? लोक म्हणतात, "काही नाही, सगळं चकाचक करा." मी म्हणतो, "आधी घरी विचारून या."