कड्या, खुंट्या आणि माझे दोन हात

आमच्या घरात फुफ्फुसांचा जुनाट आजार सासूबाईंना आहे. दवाखान्यातून व्हीलचेअरवर बाहेर आलो तो मात्र मी.

सासूबाई, म्हणजे आई, गेल्या वर्षीपासून आमच्याकडे बर दुबईत अल मनखूलला राहतात. औषधं आणि पंप वेळेवर घेतात, खाली फेरी मारतात, चढ्या भावावरून भाजीवाल्याशी भांडतातसुद्धा. पण हात डोक्यावर गेले की दम लागायचा. त्यामुळे त्यांचा अंबाडा माझी बायको केतकी घालायची. केतकीला अंबाडा येत नाही. ती घालायची ते पोनीटेल.

"अगं, मी देवळात जाते, टेनिस खेळायला नाही!" आई रोज म्हणायच्या.

शेवटी डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. हातांची ताकद आणि चिकाटी मोजायची, मग त्याप्रमाणे व्यायाम ठरवायचा. मी ऑफिसातून हाफ डे टाकला. (कशासाठी? तर आईंना धीर द्यायला. बॉसलाही हेच सांगितलं होतं. आता त्याला काय तोंड दाखवू?)

शीबा नावाची ती केरळची थेरपिस्ट मोठी गोड बाई. तिने आईंना खुर्चीत बसवलं. समोर एक फळा, त्याला चार खुंट्या. दोन खांद्याच्या उंचीला, दोन त्याच्या वर. खालच्या खुंट्यांवर लाकडी कड्या.

"आंटी, दोनों हाथ से एक-एक रिंग उठाके ऊपर डालना. सब हो गया तो वापस नीचे. सिक्स मिनिट. थक गए तो रुकना, फिर चालू."

"एवढंच?" मी म्हणालो.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली. त्या नजरेचा अर्थ मला कळतो. पण कळणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं!

आईंनी सुरुवात केली. सावकाश एक जोडी वर, दुसरी जोडी वर. मला राहवेना. "शाब्बास आई! यल्ला, यल्ला! वर! अजून वर! हबीबी, कम ऑन!"

जावयाने सासूला हबीबी, म्हणजे अरबीत ‘माझ्या लाडक्या’, म्हटल्यावर आईंना जे हसू फुटलं, त्याचा झाला खोकला, आणि खोकल्याने झाली टेस्ट बंद.

"सर," शीबा शांतपणे म्हणाली, "आंटी को हँसाना नहीं. अभी रेस्ट, फिर शुरू से."

"मंदार, तू बाहेर बस," केतकी म्हणाली.

"अगं, मी आईंना नीट करून दाखवतो ना! आठवड्यातून तीनदा जिमला जातो मी. ही तर लहान मुलांची खेळणी आहेत!"

"दाखवू दे गं," आई म्हणाल्या. "तेवढाच मला आराम."

मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. शीबा म्हणाली, "सर, स्लो. आराम से." आराम कसला! पहिल्या मिनिटात मी असा सुटलो, की कड्यांचा नुसता खडखडाट. आमची दहावीतली रिया मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ लागली. मी कॅमेऱ्याकडे बघून हसलोसुद्धा!

दुसऱ्या मिनिटाला खांद्यांत कुणीतरी निखारे ठेवले. तिसऱ्याला कड्या जड झाल्या. (शीबाने बदलल्या असाव्यात, असा मला अजूनही संशय आहे.) एक कडी सुटली आणि घरंगळत थेट कोपऱ्यात बसलेल्या अरबी आजोबांच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलून प्रेमाने मला परत दिली. "इन्शाल्ला, यू विल बी फाइन," ते म्हणाले. मला पेशंट समजले होते!

"बाबा, यू आर सो रेड!" रिया ओरडली.

"रुको सर, स्टॉप!" शीबा म्हणाली.

सासूसमोर थांबायचं? छे! मी दात-ओठ खाऊन दोन्ही हात वर नेले, आणि खांद्यांत जो गोळा आला, तो आलाच. हात वरच्या वर अडकले. पोलिसांनी पकडलेल्या चोरासारखा मी बसून राहिलो.

"अरे, खाली घे ना हात!" केतकी.

"येत नाहीयेत!"

शीबाने खांदे चोळत एकेक हात उतरवला. मी उठायला गेलो, तर डोळ्यांपुढे अंधारी. लगेच बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पाणी पाजलं, आणि दवाखान्याच्या नियमाप्रमाणे व्हीलचेअर आली.

तोवर आईंचा खोकला पार थांबला होता. त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा सुरुवात केली. चार कड्या, थोडा श्वास. पुन्हा चार, पुन्हा श्वास. पूर्ण सहा मिनिटं! माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कड्या हलवल्या त्यांनी.

"वेरी गुड, आंटी! थकने से पहले रुकना, ये सबको नहीं आता," शीबा माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाली.

"अहो, ज्याच्याकडे दम कमी, तो जपून वापरतो," आई म्हणाल्या. "मंदारराव, तुमच्याकडे भरपूर होता ना, म्हणून उधळलात."

शीबाने आईंना व्यायाम लावून दिला. (दोन महिन्यांत त्या स्वतःचा अंबाडा स्वतः घालू लागल्या. पहिल्या दिवशी देवळात जाऊन आल्या, तेव्हा वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईला मान वळवून दाखवला!)

पण त्या दिवशी मला स्टिअरिंग धरता येईना. गाडी केतकीने चालवली. माझा पट्टा आईंनी लावला. घरी आल्यावर चहा मी कप टेबलावरच ठेवून, मान खाली घालून प्यायलो, आमच्या गल्लीतली मांजर पिते तसा.

संध्याकाळी आईंनी साताऱ्याच्या मावशींना फोन लावला. स्वयंपाकघरात हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर.

"कशी आहेस गं ताई? हातांची तपासणी झाली का?" मावशी.

"माझं उत्तम आहे गं. जावयांची काळजी वाटते. माणूस हौशी आहे, पण हातांत दम म्हणून नाही बघ! रियाने व्हिडिओ पाठवलाय, सगळ्यांना दाखव."

मी धावत गेलो तो स्पीकर बंद करायला. पण फोन होता खांद्याच्या उंचीच्या फळीवर, आणि माझे हात कोपराच्या वर जायला तयार नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "आई, तेवढा फोन खाली काढून देता का?"