तेलाच्या रिंगणात

माझे वडील मासेमारी करतात, आजोबाही करायचे. मी त्यांच्याबरोबर आयुष्यात तीनदा होडीतून गेलो आणि तीनही वेळा आचऱ्याची खाडी ओलांडायच्या आत ओकलो. तिसऱ्या खेपेला मी जाळ्यावरच ओकलो, तेव्हा वडिलांनी होडी वळवली, मला किनाऱ्यावर उतरवलं आणि आईला सांगितलं, "ह्येका शाळेत घाल. ह्यो दर्याचो नाय." शाळेत मी आधीपासून जात होतोच. पण त्या दिवसापासून माझ्या अभ्यासाला घरात एक ठाम कारण मिळालं. आमच्याकडे एखादं पोर हुशार निघालं म्हणून शिकतं. मी ओकलो म्हणून शिकलो.

शिकत शिकत कोल्हापूरच्या कॉलेजात मेकॅनिकलला गेलो. कोल्हापूर मला आवडलं, कारण तिथे समुद्र नाही. शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या येऊ लागल्या. त्यातली एक समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणारी होती. मी अर्ज केला तो केवळ सरावासाठी. मुलाखतीला तिघे जण होते. त्यांनी यंत्रांबद्दल दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मी चुकवलं. मग मधल्या साहेबांची नजर माझ्या पत्त्यावर गेली. तालुका मालवण. वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं. मासेमारी, मी म्हणालो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खोलीतली हवाच बदलली. "म्हणजे समुद्राची सवय असणार," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "लहानपणापासून ओळख आहे."

हे खोटं नव्हतं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. पद होतं डेक सुपरवायझर, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात प्रशिक्षणार्थी. ती बारीक अक्षरं मी घरी कुणाला दाखवली नाहीत.

वडील अंगणात जाळं शिवत बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"तुका? समुद्रात?"

"होय."

"तू त्येंका सांगलंस?"

"त्येंनी विचारूक नाय."

वडील पुन्हा शिवायला लागले. आईची अडचण वेगळी होती. तेल म्हणजे कसलं, जेवणात घालतात ते का, हे तिला नीट कळत नव्हतं. मी समजावलं, तिने मान डोलावली आणि शेजारी जाऊन सांगितलं की झील, म्हणजे मुलगा, पेट्रोल पंपावर मोठा साहेब झाला, फक्त तो पंप पाण्यात आहे. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिनेच ते सोपं करून सांगितलं.

निघायच्या आदल्या सकाळी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठल्याही कामाला निघताना गावकार देवासमोर उभा राहून मोठ्याने सगळं सांगतो, आणि बाकीचे दर वाक्याला होकार भरतात. गावकाराने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू दर्यात नोकरीक जाता हा..."

"व्हय म्हाराजा."

"थंय जा काय तेलाचा..." इथे ते अडले. एक डोळा उघडून त्यांनी मला हळूच विचारलं, "काय रे म्हणतत तेका?"

"रिग."

"...तेलाच्या रिंगणात जाता हा, थंय तेका खंयची पीडा, खंयची अडचण येवक देव नको..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि रिंगणाची दुरुस्ती करायची वेळ निघून गेली. आमच्या वाडीत आजही मी रिंगणात कामाला असतो.

आधी काही दिवस प्रशिक्षण होतं. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर बाहेर कसं यायचं ते शिकवतात. तलावावर एक खोटी केबिन टांगलेली असते. आपल्याला तिच्यात पट्ट्याने बांधतात, पाण्यात सोडतात आणि उलटी करतात. मग पट्टा सोडून खिडकीतून निघायचं. पहिल्या खेपेला मी बाहेर आलो तेव्हा वर आकाश दिसायच्या ऐवजी तलावाच्या तळाच्या फरशा दिसल्या. मला केसाला धरून वर काढणाऱ्या पाणबुड्याने विचारलं, गाव कुठलं. मी सांगितलं, कोल्हापूर.

आणि मग मी रिगवर उतरलो, गच्च डोळे मिटून. बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तर पायाखाली लोखंड, आणि ते लोखंड अजिबात हलत नव्हतं. या प्रकारची रिग आपले लांब पाय समुद्राच्या तळाशी रोवून उभी राहते. खाली लाटा येत होत्या, जात होत्या, आणि मी त्यांच्यावर देवळाच्या पायरीवर उभं राहावं तसा उभा होतो. माझ्या पोटाने समुद्राला माफ केलं, असं मला वाटलं. पहिल्या जेवणाला मी तीनदा वाढून घेतलं.

अडचण दुसरीकडेच होती. माझ्या हाताखाली अकरा माणसं होती आणि त्यातलं सगळ्यांत लहानही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं होतं. क्रेन चालवणारे गृहस्थ तर माझ्या वडिलांच्या वयाचे, पंजाबकडचे. मी जन्माला आलो तेव्हा ते क्रेनमध्ये बसलेले होते. ते मला 'सुपरवायझर साहेब' म्हणत, आणि त्यात थट्टा अजिबात नसे. त्यामुळेच मला जास्त भीती वाटे.

चौथ्या दिवशी सामानाची बोट आली. डेकवर जागा करायची होती. मी आदल्या दिवशी कागदावर नकाशा काढून ठेवला होता, कुठला कंटेनर कुठे जाईल ते रंगीत पेनने. एक कंटेनर मी कोपऱ्यात ठेवायला सांगितला. क्रेनवाल्यांनी वरून रेडिओवर विचारलं, दरवाजा पाइपांच्या बाजूला ठेवायचा का. मी म्हणालो, हो. त्यांनी पुन्हा विचारलं, साहेब, दरवाजा पाइपांच्याच बाजूला ना. मी नकाशा बघितला आणि जरा करड्या आवाजात हो म्हणालो. त्यांनी तो अलगद, अगदी माझ्या नकाशाबरहुकूम ठेवला. दरवाजा आणि पाइपांचा ढीग यांच्यामधून मांजर गेलं नसतं.

तासाभराने मुख्य आचारी मला शोधत आला. त्या कंटेनरमध्ये रिगची चहापूड आणि साखर होती. क्रेन संध्याकाळपर्यंत बोटीच्या कामात अडकली होती. त्या दिवशी शंभरावर माणसं गरम पाणी पीत होती. माझी ओळख करून द्यायची गरज पुढे कुणाला पडली नाही. मी क्रेनवाल्यांना जाऊन विचारलं, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "दोनदा विचारलं की साहेब. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तुमचा अपमान झाला असता." तेव्हापासून जुन्या माणसाने एकच गोष्ट दोनदा विचारली की मी हातातलं सगळं टाकून त्याच्याकडे जातो.

माझी अब्रू जरा सावरली ती एका होडीमुळे. रिगच्या पायांभोवती मासे जमतात, म्हणून मच्छीमार तिकडे येतात. पाचशे मीटरच्या आत यायला बंदी आहे, कारण जाळी अडकून भलतंच काही होऊ शकतं. एका सकाळी एक मोठी होडी आत शिरली. आमची राखणीची बोट नेमकी दुसऱ्या टोकाला होती. मी सही घ्यायला रेडिओच्या खोलीत गेलो होतो. रेडिओवाला इंग्रजीत सांगून थकला, हिंदीत सांगून थकला. पलीकडून शांतपणे एकच उत्तर येत होतं, "समजणा नाय."

मला हसू आलं. आमच्याकडच्या माणसाला हिंदी किती समजते ते मला माहीत होतं. रिगच्या मॅनेजरांनी माझं हसू पाहिलं आणि माइक माझ्या हातात दिला.

मी मालवणीत सांगितलं की काका, होडी मागे घ्या, इथे धोका आहे.

"तू खंयचो रे?"

"आचऱ्याचो."

"कोणाचो झील?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. होडी मुंबईकडच्या मालकाची होती, पण तांडेल, म्हणजे तिच्यावरचा मुख्य माणूस, आमच्या शेजारच्या गावचा निघाला.

"म्हणजे होडयेत ओकायचो, तोच मा तू?"

तो चॅनल आसपासची प्रत्येक बोट ऐकते. मी मॅनेजरांकडे पाहिलं. ते गंभीरपणे मान हलवून मला धीर देत होते.

"होय," मी म्हणालो.

"आता ओकणस नाय?"

"ह्या हालणा नाय, काका."

"मगे ती समुद्रातली नोकरी कशी?" ते म्हणाले. मग त्यांनी वडिलांचा गुडघा कसा आहे ते विचारलं, माझं लग्न ठरलं का ते विचारलं, आणि शेवटी होडीचं इंजिन वाढवलं. "तुझ्यासाठी जातंय हां. त्येंच्या इंग्रजीसाठी नाय."

होडी वळून गेली. मॅनेजरांनी विचारलं, इतका वेळ काय सांगत होतास. मी म्हणालो, सुरक्षेचे नियम. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि तशी नोंदही केली. एक गोष्ट मला माहीत नव्हती. क्रेनच्या केबिनमध्येही तो चॅनल लागतो आणि क्रेनवाल्यांनी उमेदीची बारा वर्षं गोव्यात काढली होती, त्यामुळे कोकणी आणि तिच्या जवळची आमची मालवणी त्यांना नीट कळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझ्यासमोर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, नीट घडी घातलेली.

अठ्ठावीस दिवसांनी घरी गेलो. मला वाटलं होतं, वडील यंत्रांबद्दल विचारतील. त्यांनी एकच विचारलं, खाली मासे कुठले असतात. मी म्हणालो, खूप असतात, मोठे असतात. इसवण, म्हणजे सुरमई, असते का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वरून ओळखता येत नाही. वडील आईकडे वळले.

"चार वर्सां शिकलो, आणि इसवण वळखूक येणा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला किनाऱ्यावर घेऊन गेले. होड्या लागल्या होत्या. एका मासेवालीच्या टोपलीतून ते एकेक मासा शेपटीला धरून वर काढत आणि माझ्याकडे बघत. इसवणीला मी बांगडा म्हणालो नाही, एवढंच काय ते जमलं. तांबोशी चुकवली, गोबरा चुकवला. पण वडील चिडले नाहीत. ते पहिल्यांदाच मला समुद्रातलं काहीतरी शिकवत होते आणि मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत उभा होतो. चौथा मासा त्यांनी उचलला तेव्हा मासेवालीने मला कोपराने ढकललं.

"सुपरवायझर," ती म्हणाली, "जरा बाजूक हो. गिऱ्हायकां इली."