परतीचा रस्ता वेगळा असतो

"ती बघ कोराडीची बस," दादानं बोट दाखवलं. मला दिसली नाही; बोट कुठं रोखलंय ते मला कधी कळत नाही. शेवटी त्यानं हाताला धरून बसमध्ये बसवलं आणि तो नागपूर स्टँडच्या बाकावर जाऊन बसला. अट त्याचीच होती. "एकट्यानं ताईकडे जायचं, एकट्यानं परत यायचं. जमलं तर इथल्या छापखान्यातली नोकरी घे. नाही तर माझ्याबरोबर मुकाट साताऱ्याला."

वय माझं बत्तीस. मुद्रितं तपासताना एक मात्रा माझ्या नजरेतून सुटत नाही. पण डावं-उजवं आजही कळत नाही, म्हणून उजव्या मनगटाला दोरा बांधतो. चेहरेही लक्षात राहत नाहीत. डॉक्टर मला धडधाकट म्हणतात, घरचे वेंधळा.

कोराडीला उतरलो तो समोर वीजकेंद्राच्या चिमण्या. झाडांवरसुद्धा राखड (राख). कामगारांची क्वार्टर्स सगळी एकसारखी. लोकांना जायचा आणि यायचा रस्ता एकच वाटतो. मला परतताना तो परमुलुखातला वाटतो. म्हणून प्रत्येक वळणावर मागे वळून, येताना काय दिसेल ते मोठ्यानं घोकत चाललो होतो.

अंगण झाडणाऱ्या एक बाई थांबल्या. "काहून गा भाऊ, मागं पाहून पाहून काहून चालून राहिले?"

"पाठांतर करतोय." त्या हसल्या.

ताईनं सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) केली होती. चार खाल्ल्या, पण परतीच्या धास्तीनं चव लागली नाही. "फाट्यापर्यंत येते," ती म्हणाली. मी नको म्हणालो.

एकटाच निघालो, सकाळी घोकलेलं आठवत. 'कोळशाचे ट्रक आले की दोऱ्याच्या हाताला.' पण ट्रक नव्हतेच! उभे ट्रक निघूनही जातात, हे मला सुचलंच नव्हतं. फिरफिरून तिसऱ्यांदा रस्त्याकडेच्या एकाच नळाशी आलो. निदान तोच असावा. नोकरी गेलीच म्हणायची.

"भाऊ, पाठांतर इसरले का?"

चेहरा नाही, आवाज ओळखला. बसचा रस्ता विचारला. बाईंनी रस्ता दाखवायला हात वर केला.

"बोटानं नको, तोंडानं सांगा."

त्यांनी हात खाली घेतला. "सकाळी तुमीच तं बोलून राहिले होते. ट्रक, मंग निळं फाटक, मंग चहाची टपरी. ट्रकाले सोडा. ते इथंच उभे होते. आता दोऱ्याच्या हाताले वळा."

वळलो. निळं फाटक आलं, टपरी आली, बस मिळाली.

दादा त्याच बाकावर होता. "चुकलास?"

"चुकलो."

"मग?"

"विचारलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग की माया, हे मला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. "दादा, रागावलास का? तोंडानं सांग."

"सकाळपासून जेवलो नाही रे," तो म्हणाला. "भीती वाटत होती."

"आणि नोकरी?"

"घे."

तो उठला. रस्ता दाखवायला बोट उचललं, अर्ध्यावरच खाली घेतलं आणि म्हणाला, "चल, जेवू. दोऱ्याच्या हाताला."