छत्तिसातले चार शिल्लक

माझ्या बायकोच्या मामांइतका मोठा फोटोग्राफर मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतके कमी फोटो काढणारा माणूस तर अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपाटाचा एक खण मामींच्या साड्यांचा आणि उरलेले तीन कॅमेऱ्यांचे, अशी वाटणी लग्नाच्या वर्षीच होऊन गेली होती. दोन एसएलआर, पाच लेन्स, पिवळ्या-नारिंगी काचांचे फिल्टर, आणि या सगळ्याला बुरशी लागू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या. नात्यात कुणी नवे बूट घेतले, की खोक्यातली पुडी मामांकडे पोचती करायची असा दंडकच होता. मी जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझी नोकरी, पगार, गाव यातलं काहीही न विचारता त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि खोकं टाकून दिलं का, एवढंच विचारलं.

मामा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. रेघ मारण्यापूर्वी दहादा विचार करायची सवय त्यांनी निवृत्तीनंतर फिल्मला लावली. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि एक रोल वर्षभर. पर्वतीवर पहाटे ट्रायपॉड चढवायचा, प्रकाश मोजायचा, आकाशाकडे बघायचं, ‘प्रकाश चपटा आहे’ म्हणायचं आणि इडली खाऊन खाली उतरायचं. आमच्या लग्नात त्यांनी मोजून तीन फोटो काढले. दोन सनईवाल्याच्या बोटांचे, एक मांडवाच्या कापडातून झिरपलेल्या उन्हाचा. आम्ही दोघं कशातच नाही. पण खरं सांगतो, आज आमच्या भिंतीवर लग्नाचे म्हणून तेच तीन आहेत. लग्नाचा महागडा अल्बम माळ्यावर पडलाय.

मामांचं दुसरं वेड शिकवण्याचं. ‘रोल संपला की आधी उलटा गुंडाळून डबीत घ्यायचा, मगच कॅमेऱ्याची पाठ उघडायची,’ हे त्यांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल. मी दर वेळी मान डोलवायचो आणि मामींच्या हातच्या साबुदाणावड्याकडे लक्ष ठेवायचो.

या सगळ्या कारभारात मामी कायम कॅमेऱ्याच्या अलीकडे. समारंभात बॅग त्यांच्याकडे, फ्लॅश त्यांच्याकडे. जुन्या बाजारातून एखादी लेन्स आली, की तिची परीक्षा समोरच्या विटांच्या भिंतीवर व्हायची. कोणता फोटो लेन्सच्या कोणत्या आकड्यावर काढला हे नंतर कळावं म्हणून मामी खडूने आकडा लिहिलेली पाटी धरून कडेला उभ्या. ‘फक्त पाटी येऊ दे, तू येऊ नकोस,’ अशी मामांची सूचना. मोबाइलवर फोटो काढायला त्या घरात बंदी होती आणि मामींचा फोटो काढायला मामांना मनासारखा प्रकाश मिळत नव्हता. अशी चाळीस वर्षं गेली. मामी एकदा भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, “अहो, हार घालायला तरी एक काढून ठेवा.”

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मामांचा फोन आला. एकच शब्द बोलले, “काढला.” मामी गॅलरीच्या दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या, ऊन बाजूच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून त्यांच्या गालावर आलं होतं, आणि मामांनी एकच फोटो घेतला होता. रोलमधला बत्तिसावा. धुवायला द्या, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. पण चार शिल्लक होते, आणि शिल्लक ठेवून रोल काढणं मामांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दोन महिन्यांत मामी गेल्या. हृदयाचा झटका, अर्ध्या तासात सगळं संपलं.

तेराव्याला फोटो हवा होता. मामा भेटायला आलेल्यांमध्ये बसून होते. मी म्हटलं, कॅमेरा द्या, मी शनिवार पेठेतल्या लॅबमध्ये नेतो. ते पुटपुटले, “त्यात अजून चार आहेत,” मग म्हणाले, “न्या.” तिथंच मी थांबायला हवं होतं. रोल गुंडाळूनच न्यावा, असा शहाणपणा मला सुचला. गॅलरीत उन्हात उभा राहून मी रोल गुंडाळायची वरची घुंडी ओढली, जरा जास्तच ओढली, आणि कॅमेऱ्याची पाठ खटकन उघडली. मी लगेच दाबून बंद केली. कुणीही पाहिलं नव्हतं.

आधीचे फोटो गुंडाळीच्या आत असतात, शेवटचे वरच्या वेढ्यांवर. ऊन वरच्याच वेढ्यांत शिरलं होतं. मामींचा फोटो गेला. वाचले ते पहिले तेरा, सगळे त्या विटांच्या भिंतीचे. लॅबमधून आलेली नेगेटिव्ह मामांनी खिडकीशी धरली.

“आधी पाठ उघडली?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी नेगेटिव्ह परत पाकिटात ठेवली. इतरांना ते चार शब्दांत गार करायचे. मला त्या दिवशी तसंच काहीतरी हवं होतं, ते मिळालं नाही. हार आधार कार्डावरच्या फोटोला घातला, आणि त्यात मामी कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसतात.

नंतर त्या तेरा फोटोंच्या प्रती आल्या. प्रत्येकात भिंत, आणि डाव्या कडेला पाटी धरलेला मामींचा हात. मामा भिंग घेऊन एकेक बघत होते. नवव्यावर थांबले.

“हा चुकलाय. फोकस भिंतीवर हवा होता, बांगड्यांवर गेलाय.”

तोच त्यांनी मोठा करून लावला. त्याला हार घालू देत नाहीत.

मागच्या रविवारी आम्ही दोघं गेलो होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात चहा पीत असताना मामांनी कॅमेरा उचलला आणि प्रकाश न मोजता आमचे लागोपाठ चार फोटो काढले. प्रकाश चपटा नाही का, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, चालेल. मग नव्या रोलमधले बत्तीस शिल्लक असतानाच त्यांनी तो सावकाश उलटा गुंडाळला, कॅमेरा कानाशी धरून फिल्म पूर्ण डबीत गेल्याची खात्री केली आणि तो माझ्या हातात दिला.

“गुंडाळून झालाय. आता उघडा.”

माझा हात काही त्या घुंडीकडे जाईना.